रिंग लाइट आणि सॉफ्टबॉक्स: घरी मेकअपचे व्हिडिओ करताना वर्षभर वापरलेल्या दिव्यांविषयी

गेल्या वर्षभरात मी घरातल्या एका छोट्या खोलीत मेकअपचे साठ-सत्तर व्हिडिओ चित्रित केले. त्यासाठी आधी अठरा इंची रिंग लाइट, म्हणजे कड्याच्या आकाराचा दिवा, घेतला आणि चार महिन्यांनी, त्याच्यावर पूर्ण विसंबता येत नाही हे कळून चुकल्यावर, सॉफ्टबॉक्सची, म्हणजे समोर पांढरा पडदा असलेल्या कापडी दिवा-पेट्यांची, जोडी घेतली. दोन्ही वस्तू आजही माझ्याकडे आहेत आणि दोन्ही वापरात आहेत, मात्र त्यांची कामे आता अगदी वेगळी झाली आहेत. कंपनीचे नाव मी मुद्दाम घेत नाही, कारण घरगुती वापराचे बहुतेक रिंग लाइट आणि सॉफ्टबॉक्स एकमेकांशी इतके मिळतेजुळते असतात की खोक्यावरचे नाव बदलले तरी गुणदोष फारसे बदलत नाहीत.

दिवे कोणत्या कसोटीवर पारखले, ते आधी सांगायला हवे. एखाद्या विषयावर नुसते बोलायचे असेल, तर चेहरा उजळ आणि प्रसन्न दिसला की दिव्याचे काम झाले. मेकअपच्या व्हिडिओत तेवढ्याने भागत नाही. फाउंडेशनची शेड मानेशी जुळली की नाही, ब्लशची कडा नीट विरली की नाही, डोळ्याच्या खोबणीतला गडद रंग वरच्या फिकट रंगात मिसळला की तिथे पट्टा उरला, हे सगळे पाहणाऱ्याला दिसायला हवे. त्वचेचे दोष झाकणारा दिवा मेकअपमधल्या चुकाही झाकतो आणि त्या दुरुस्त करताना हाताने दाखवलेले कसबही झाकतो. रिंग लाइटबद्दलची माझी मुख्य तक्रार हीच आहे.

अठरा इंची रिंग लाइट घेण्यापूर्वी माझ्याकडे दहा इंची, यूएसबीच्या वायरवर चालणारा एक छोटा रिंग लाइट होता. त्याच्याविषयी जास्त लिहिण्यासारखे नाही. असे दिवे सहसा ५ व्होल्ट आणि २ अँपिअरवर, म्हणजे जेमतेम १० वॅटवर चालतात, आणि तेवढ्या प्रकाशात फोनचा कॅमेरा संवेदनशीलता वाढवून कसेबसे भागवतो, त्यामुळे गालांवर दाणे उठल्यासारखे दिसतात. फाउंडेशन कितीही तलम बसलेले असले तरी व्हिडिओत ते खरबरीतच वाटते. अठरा इंची दिवा स्वतंत्र अ‍ॅडॉप्टरवर चालतो, त्याची क्षमता ५५ वॅट आहे, पिवळट ३२०० केल्विनपासून दिवसाच्या उजेडाशी जुळणाऱ्या ५६०० केल्विनपर्यंत त्याचा रंग बदलता येतो आणि मध्यभागी फोन अडकवण्याची सोय आहे. पहिल्या दिवशी त्याच्यासमोर बसल्यावर मला माझाच चेहरा ओळखू येईना, इतका तो नितळ दिसत होता.

या नितळपणाचे कारण दिव्याच्या रचनेतच आहे. प्रकाश लेन्सच्या चहूबाजूंनी येत असल्यामुळे सावली पडते ती वस्तूच्या बरोबर मागे, आणि कॅमेऱ्याला ती दिसतच नाही. या रचनेचा मूळ उपयोग सौंदर्याशी संबंधित नव्हता: लेस्टर डाइन यांनी १९५२ मध्ये कड्याच्या आकाराचा फ्लॅश तयार केला तो दातांची छायाचित्रे घेण्यासाठी, कारण तोंडाच्या आतल्या पोकळीत सावलीविरहित उजेड पोहोचवण्याचा तो सोयीचा मार्ग होता. दातांच्या बाबतीत सावली नको असते हे समजण्यासारखे आहे. मेकअपचे मात्र निम्मे काम सावलीशी खेळण्याचेच असते. गालाच्या हाडाखाली काँटूर, म्हणजे सावलीचा भास देणारा गडद रंग, लावायचा, नाकाच्या दोन्ही बाजूंनी बारीक रेघ ओढायची, भुवईच्या हाडावर उजाळा द्यायचा, आणि मग समोरून सगळीकडे सारखाच प्रकाश टाकून ते सपाट करून टाकायचे, यात काही अर्थ नाही.

हे मला एका विशिष्ट व्हिडिओत फार स्पष्टपणे कळले. विषयच काँटूरचा होता. उजव्या गालावर मी तो नीट विरवला होता आणि डाव्या गालावर मुद्दाम तसाच पट्टा ठेवून ‘असे होऊ देऊ नका’ म्हणून दाखवत होते. चित्रण संपवून खिडकीजवळच्या आरशात पाहिले तर डाव्या गालावरचा तपकिरी पट्टा लांबूनही दिसत होता. व्हिडिओत मात्र दोन्ही गाल जवळपास सारखे. मी तावातावाने जी चूक दाखवत होते ती पडद्यावर नव्हतीच. तो व्हिडिओ मी टाकून दिला.

रिंग लाइटच्या बाकीच्या उणिवा त्यामानाने किरकोळ आहेत. डोळ्यांत उमटणारे पांढरे कडे काहींना आवडते, मला ते आता कृत्रिम वाटते. चष्मा लावून बसणाऱ्यांना तर हा दिवा जवळपास निरुपयोगी आहे, कारण दोन्ही काचांवर पूर्ण वर्तुळ उमटते आणि नेमका डोळ्यांचा मेकअप त्यामागे जातो. कपाळ किंवा नाकाचा शेंडा थोडा जरी तेलकट असेल तरी प्रकाश सरळ लेन्सकडे परततो आणि तिथे पांढरा डाग दिसतो. अतिशय बारीक सिलिका असलेली पारदर्शक पावडर फ्लॅशच्या छायाचित्रात डोळ्यांखाली पांढरट दिसते हे अनेकांना ठाऊक असेल. रिंग लाइटचा प्रकाशही लेन्सच्याच रेषेतून येत असल्याने मला तो पांढरटपणा इथेही सौम्य प्रमाणात जाणवला.

रंगाचा प्रश्न मात्र किरकोळ नाही. मी एका गडद, किंचित निळसर झाक असलेल्या लाल लिपस्टिकवर व्हिडिओ केला होता. तो पाहून माझ्या मैत्रिणीने तीच शेड मागवली आणि हातात आल्यावर मला फोन करून विचारले, “अगं, तू दाखवलेली तर विटकरी होती, ही लालभडक कशी आली?” चूक तिची नव्हती. व्हिडिओत ओठ खरोखरच विटकरी, जवळजवळ तपकिरी दिसत होते, आणि माझ्या डोळ्यांना शेड आधीपासून माहीत असल्यामुळे संपादन करताना ते माझ्या लक्षातही आले नव्हते.

दिव्याच्या खोक्यावर सीआरआय ९० पेक्षा जास्त असल्याचे छापलेले होते आणि ते खोटे असेलच असे नाही. सीआरआय म्हणजे दिव्याखाली रंग कितपत खरे दिसतात याचा शंभरपैकी गुणांक, पण तो ठरतो पहिल्या आठ नमुना-रंगांच्या सरासरीवरून, आणि हे आठही रंग तसे मवाळ असतात. गडद लाल हा नववा नमुना, ज्याला आर-९ म्हणतात, या सरासरीत धरलाच जात नाही. पांढरा एलईडी हा बहुधा मुळात निळा एलईडी असतो आणि त्याच्यावरच्या फॉस्फर या चमकणाऱ्या द्रव्याच्या थरामुळे उरलेले रंग मिळतात. या मिश्रणात गडद लाल सगळ्यात आधी तोकडा पडतो, त्यामुळे एकूण गुणांक चांगला असूनही आर-९ अगदी कमी असू शकतो. त्वचेत, ओठांत, ब्लशमध्ये लालसरपणा असतोच, म्हणून मेकअपसाठी दिवा घेताना एकूण सीआरआय ९५ च्या पुढे आहे का आणि आर-९ वेगळा दिला आहे का, हे दोन्ही पाहावे. काही दिव्यांवर टीएलसीआय हा आकडाही असतो. युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनने सुचवलेला हा गुणांक माणसाच्या डोळ्यांऐवजी कॅमेऱ्याच्या नजरेतून रंग तपासतो, त्यामुळे आपल्या कामासाठी तो अधिक उपयोगाचा. आकडा छापलेलाच नसेल तर तो अभिमान वाटण्यासारखा नसावा, असे मी आता धरून चालते.

घरच्या घरी पडताळणी करायची असेल तर हाताच्या आतल्या बाजूला चार-पाच लाल आणि गुलाबी लिपस्टिकच्या रेघा ओढाव्यात, दुपारी खिडकीच्या अप्रत्यक्ष उजेडात त्यांचा व्हिडिओ घ्यावा, मग खोलीत अंधार करून फक्त आपल्या दिव्याखाली घ्यावा, आणि दोन्ही वेळा व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरे पांढरेच दिसावे म्हणून कॅमेऱ्यात करायची रंगाची जुळणी, नव्याने बसवावा. तो बसवण्यासाठी छपाईचा पांढरा कागद वापरू नये. कागद अधिक शुभ्र दिसावा म्हणून त्यात घातलेली द्रव्ये सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांमुळे निळसर चमकतात आणि हिशेब बिघडतो. छायाचित्रणासाठी मिळणारे राखाडी कार्ड बरे. माझ्या रिंग लाइटखाली गुलाबी रेघा ठीक होत्या, केशरीही ठीक होत्या, पण तिन्ही गडद लाल शेड एकमेकींच्या बहिणी वाटाव्यात इतक्या सारख्या दिसल्या.

सॉफ्टबॉक्सकडे मी वळले ते या दोन कारणांनी. माझी जोडी ५० बाय ७० सेंटिमीटरची आहे: आतून चंदेरी, बाहेरून काळे कापड, समोर पांढरा पडदा, आणि आत ई-२७ म्हणजे फिरवून बसवायच्या साध्या बल्बचा होल्डर. या होल्डरचे मोल सुरुवातीला मला कळले नव्हते. रिंग लाइटमधले एलईडी कायमचे बसवलेले असतात, ते जसे असतील तसे आयुष्यभर सोसावे लागतात. सॉफ्टबॉक्सबरोबर आलेले बल्ब मी महिन्याभरात काढून ठेवले आणि ज्यांचा आर-९ लिहिलेला होता असे बल्ब लावले. त्या एका बदलाने लिपस्टिकचा प्रश्न जवळपास मिटला. बल्ब बदलताना दोन्ही पेट्यांत एकाच जातीचे, एकाच केल्विनचे बल्ब लावणे आवश्यक आहे, नाहीतर एक गाल निळसर आणि दुसरा पिवळसर दिसतो.

प्रकाश मऊ दिसतो तो दिवा मंद असल्यामुळे नव्हे, तर चेहऱ्याच्या मानाने तो मोठा असल्यामुळे. म्हणूनच ७० सेंटिमीटरची पेटी हात लांब करून पोहोचेल इतक्या अंतरावर असताना सावलीच्या कडा हळुवार विरतात, आणि तीच पेटी दोन-अडीच मीटर मागे नेली की त्या टोकदार होतात. मग ती अगदी तोंडाशी का आणू नये? मी तेही करून पाहिले. प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो, त्यामुळे पेटी जवळच्या गालापासून ५० सेंटिमीटरवर असेल आणि पलीकडचा गाल १५ सेंटिमीटर मागे असेल, तर पलीकडे जेमतेम ६० टक्के उजेड पोहोचतो. पेटी एक मीटरवर ठेवली तर तोच आकडा सुमारे ७५ टक्के होतो. जवळ ठेवल्यावर माझ्या फाउंडेशनच्या जणू दोन शेड दिसत होत्या. शेवटी ८० ते ९० सेंटिमीटर हे अंतर मला मानवले.

मुख्य पेटी मी कॅमेऱ्याच्या डावीकडे साधारण ४५ अंशांत, डोळ्यांच्या पातळीपेक्षा किंचित वर ठेवते. याहून उंच नेण्याचा मोह होतो, कारण त्याने हनुवटीखाली छान सावली पडून चेहरा रेखीव दिसतो, पण भुवईच्या हाडाची सावलीही पापणीवर पडते आणि अर्धा तास खपून केलेली आयशॅडो काळोखात जाते. डोळ्यांचा मेकअप असेल त्या दिवशी मी पेटी जवळजवळ डोळ्यांच्या रेषेत उतरवते आणि टेबलावर, आरशाच्या आणि माझ्या मधल्या जागेत, थर्माकोलचा पांढरा तक्ता आडवा ठेवते. खालून परतणाऱ्या उजेडाने डोळ्यांखालची काळसर छाया उचलली जाते आणि खालच्या पापणीवर ओढलेली रेघही स्पष्ट दिसते. आतापर्यंतच्या सगळ्या सामग्रीत हा तक्ता सर्वांत उपयोगी ठरला, हे मला दिवे विकत घेण्याआधी कुणी सांगितले असते तर बरे झाले असते.

दुसऱ्या पेटीबद्दल माझे मत थोडे सावध आहे. सोबतच्या पत्रकातील चित्रात दोन्ही पेट्या दोन बाजूंना सारख्या अंतरावर दाखवल्या होत्या. तशा लावल्या तर नाकाच्या दोन्ही बाजूंना दोन सावल्या पडतात आणि काँटूर पुन्हा सपाट होतो, म्हणजे रिंग लाइटचाच दोष दोन स्टँडवर उभा राहतो. दुसरी पेटी पहिलीच्या दीडपट अंतरावर नेली की तिचा उजेड निम्म्याहून थोडा कमी होतो आणि चेहऱ्याला घडण येते. मात्र हे काम दुसरा थर्माकोल तक्ता उभा करूनही होते. हल्ली माझी दुसरी पेटी मागच्या भिंतीकडे तोंड करून असते, त्यामुळे काळे केस काळोखात बुडत नाहीत.

चमकीच्या बाबतीत मात्र सॉफ्टबॉक्स कमी पडतो. हायलायटर त्यात फार देखणा, रेशमी दिसतो, पण आयशॅडोमधली जाडसर चकाकी मरून जाते, कारण प्रत्येक कणाला ठसठशीत ठिणगी मिळण्यासाठी प्रकाशाचा उगम लहान लागतो. अशा वेळी मी शेवटच्या अर्ध्या मिनिटापुरता रिंग लाइट लावते, किंवा नुसता टॉर्च हातात धरून डोळ्यांसमोरून हळूहळू फिरवते. रिंग लाइटचे दुसरे काम म्हणजे ओठांचे अगदी जवळून चित्रण. तिथे सावली खरोखरच नको असते, आणि लालऐवजी गुलाबी किंवा केशरी शेड असेल तर तो उत्तम साथ देतो.

सॉफ्टबॉक्सचे स्टँड मात्र निव्वळ तकलादू निघाले. पेटी पुढे झुकवली की सगळा भार एका बाजूला येतो आणि तीन बारीक पायांना तो पेलत नाही. दुसऱ्याच आठवड्यात माझ्या कोपराचा धक्का लागून स्टँड आडवा झाला आणि पेटीची कड उघड्या आयशॅडो पॅलेटवर आपटली. नऊपैकी चार रंगांचा भुगा झाला, आणि त्यातला एक गडद जांभळा चटईतून अजून पुरता निघालेला नाही. आता एक पाय कायम झुकलेल्या पेटीच्या दिशेला असतो आणि स्टँडला वाळूची पिशवी अडकवलेली असते. शिवाय बल्बचा सांधा वजनाने हळूहळू खाली येतो, तो दर दोन-तीन चित्रणांनंतर पुन्हा आवळावा लागतो. पेट्या उभ्या करायला पंधरा मिनिटे लागतात, आणि खोली लहान असेल तर त्या जागाही बरीच अडवतात. रिंग लाइट दोन मिनिटांत सुरू होतो. घाईच्या दिवशी मी अजूनही त्याच्याकडे पाहते हे कबूल करायला हवे.

दिव्यांच्या लुकलुकण्याविषयी थोडे सांगते. माझा रिंग लाइट पूर्ण तेजावर स्थिर असतो, पण डिमर २० टक्क्यांवर आणला की व्हिडिओत आडवे काळसर पट्टे सरकू लागतात. बरेच डिमर प्रकाश खरोखर कमी करत नाहीत, दिवा अतिशय वेगाने बंद-चालू करतात, आणि डोळ्यांना न कळणारी ही उघडझाप कॅमेऱ्याच्या सेन्सरला ओळीओळीने पकडता येते. म्हणून डिमर शक्यतो वरच ठेवून दिवा मागे न्यावा. बल्बची गोष्ट वेगळी: त्यातले सर्किट साधारण असेल तर तो विजेच्या वारंवारितेच्या दुप्पट वेगाने, म्हणजे ५० हर्ट्झच्या पुरवठ्यावर सेकंदाला १०० वेळा आणि ६० हर्ट्झवर १२० वेळा, लुकलुकतो. तिथे कॅमेऱ्याचे शटर, म्हणजे प्रत्येक चित्रासाठी उजेड घेण्याचा वेळ, अनुक्रमे १/५० किंवा १/६० सेकंदावर ठेवल्यास पट्टे सहसा जातात. नवा बल्ब आणला की मी फोनच्या स्लो मोशनमध्ये त्याचे चित्रण करते. स्लो मोशनमध्ये बल्ब धडधडताना दिसला की तो स्वयंपाकघरात जातो.

खिडकीच्या उजेडाशी तुलना टाळता येत नाही, कारण रंगाच्या बाबतीत तो दोन्ही दिव्यांना मागे टाकतो. अडचण त्याच्या स्वभावाची आहे. पूर्ण मेकअपच्या चित्रणाला तास-दीड तास लागतो, तेवढ्यात ढग येतो, ऊन सरकते, आणि संपादनात दोन तुकडे जोडले की फाउंडेशनने मध्येच रंग बदलल्यासारखे वाटते. खिडकी आणि दिवा एकत्र वापरायचे तर दिवा ५६०० केल्विनवर ठेवावा आणि खोलीतला २७०० केल्विनचा पिवळा बल्ब आठवणीने बंद करावा. मी सहसा पडदा ओढून घेते. तो पडदा आधी हिरवा होता आणि त्याची झाक उजव्या जबड्यावर पडत होती, हे कळायला मला तीन महिने लागले. त्या तीन महिन्यांत मी दोष कन्सीलरला देत होते.

फोनने साथ दिली नाही तर यातले काहीच उपयोगाचे नाही. सगळे स्वयंचलित ठेवले की काळ्या डबीतली पावडर कॅमेऱ्यासमोर धरताच चेहरा एकदम उजळतो, पांढरी बाटली धरली की काळवंडतो, आणि लाल पॅलेट दाखवली की त्वचा क्षणभर हिरवट होते. एक्स्पोजर (चित्राचा उजळपणा) आणि व्हाइट बॅलन्स चित्रणापूर्वी पक्के करावेत आणि त्वचा गुळगुळीत करणारा फिल्टर पूर्ण बंद असल्याची खात्री करावी. काही फोनमध्ये तो आपण न सांगताच सुरू असतो.

आता खरेदीविषयी. एकच दिवा घ्यायचा असेल आणि विषय मेकअपचा असेल, तर मी एक सॉफ्टबॉक्स, आर-९ लिहिलेला चांगला बल्ब, दोन थर्माकोल तक्ते आणि वाळूची पिशवी इतकेच घ्यायला सांगेन. जोडीची गरज नाही. जागा अगदीच अपुरी असेल, दिवा रोज उभारून रोज आवरावा लागत असेल, किंवा व्हिडिओ प्रामुख्याने ओठांचे आणि नखांचे असतील, तर अठरा इंची रिंग लाइट समजण्यासारखा आहे. तोही लेन्सभोवती न ठेवता, फोन वेगळ्या ट्रायपॉडवर लावून, कड्याला बाजूला ४५ अंशांत वळवून वापरावा. तसा वापरला की तो एक साधा गोल दिवा होतो आणि काँटूर पुन्हा दिसू लागतो.

माझ्या खोलीत सध्या फरशीवर रंगीत चिकटपट्टीच्या अकरा खुणा आहेत: तीन मुख्य पेटीच्या पायांच्या, तीन मागच्या पेटीच्या, तीन ट्रायपॉडच्या आणि दोन खुर्चीच्या पुढच्या पायांच्या. डोळ्यांचा मेकअप एका दिवशी आणि ओठांचा दुसऱ्या दिवशी चित्रित केला तरी तुकडे जुळतात ते या खुणांमुळे. फरशी पुसताना त्या निघू नयेत म्हणून मी आता कापडी चिकटपट्टी वापरते.